पांढऱ्या पाषाणभेदाची जात

सुनंदाताई गेल्याची बातमी मला पॉटलकच्या यादीत मिळाली. सिएटलजवळच्या आमच्या बेलव्ह्यूच्या मराठी ग्रुपवर त्या सकाळी पाडव्याच्या कार्यक्रमाचं ठरत होतं. श्रीखंड कोण आणणार, मसालेभात कोण, कागदी प्लेटा मागच्या वर्षीच्या उरल्यात का... त्याच्या मधोमध कुणीतरी लिहिलं होतं, ‘सॅड न्यूज. दिलीप खोब्रागडेंच्या मिसेस आज गेल्या. कॅन्सर होता.’ त्याखाली सहा जोडलेले हात आले आणि लगेच पुढचा मेसेज आला, ‘बटाट्याची भाजी मी आणते, पण तिथे गरम करायची सोय आहे का?’ मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. कॅमेरा बंद केला, आणि दोन मिनिटांनी परत चालू केला, कारण माझी बोलायची पाळी आली होती. एका बंद पडलेल्या डेटाबेसबद्दल मी बराच वेळ बोलले आणि चांगलं बोलले. मीटिंग संपल्यावर मॅनेजरने मला तसं कळवलंही.

त्याला आता सहा आठवडे झाले. त्या मेसेजमध्ये नाव नव्हतं, म्हणून आधी नाव लिहिते. सुनंदा खोब्रागडे. मूळच्या भंडाऱ्याच्या, शिक्षण नागपूरचं. सात उन्हाळे मी त्यांच्याबरोबर कॅस्केडच्या डोंगरांत एका पांढऱ्या फुलाच्या मागे हिंडले. मी त्यांची मैत्रीण होते, असं मी सगळ्यांना सांगत आले. हा लेख लिहायला बसले तेव्हाही पहिलं वाक्य तेच लिहिलं होतं. नंतर ते खोडलं.

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या खडकावर पालथ्या पडल्या होत्या. मंडळाची उन्हाळी हाइक होती, बाकीचे तळ्यापाशी पोचून फोटो काढत होते आणि मी मागे राहिले होते. मला वाटलं, बाई घसरून पडल्या. धावत जाऊन विचारलं, लागलं का? त्यांनी वर न बघताच म्हटलं, “उजेड अडवू नको.” मग मला शेजारी आडवं व्हायला लावलं. नाकापासून वीतभर अंतरावर, खडकाच्या फटीत, मुठीएवढी हिरवी गादी होती आणि तिच्यातून वर आलेली चार-पाच फुलं. काय दिसतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पांढरं फूल. आणखी? पाच पाकळ्या. पानांना किती बोटं आहेत? मी न बघता म्हटलं, तीन. त्यांनी काडीने एक पान वर उचललं. पाच होती. “तू बघत नाहीस,” त्या म्हणाल्या, “तू ठरवतेस.” कॉलेजात शिकवणाऱ्या बाईचा तो आवाज होता. बेचाळीस वर्षांच्या मला तो लागला आणि आवडलाही.

उतरताना मी आपल्याकडे सगळे विचारतात तेच विचारलं. तुम्ही कुठल्या? नागपूरच्या. नागपूरच्या कोण? “खोब्रागडे,” त्या म्हणाल्या आणि थांबून सरळ माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मी ‘अच्छा’ म्हटलं. आडनाव ऐकलं की मराठी माणसाला पुढचं विचारायला लागत नाही, ओळख पूर्ण होते. मी पुण्याची, सदाशिव पेठेतली, आडनाव गोखले. माझी ओळख तर त्यांना त्याआधीच पटली असणार.

त्यांची कहाणी मला पुढच्या दोन उन्हाळ्यांत तुकड्यातुकड्यांनी कळली. आई पार्बताबाई विड्या वळायची. तेंदूची पानं भिजवायची, पुसायची आणि शिरा बघून वेगळी करायची. जाड शिरेचं पान वळताना फाटतं, कोवळं पान जळताना वास मारतं. सुनंदाताई म्हणायच्या, माझं वनस्पतिशास्त्र तिथे सुरू झालं, अक्षरं नंतर आली. नागपुरात एम.एस्सी. केलं, कॉलेजात अकरा वर्षं शिकवलं. लग्न उशिरा झालं आणि नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आल्या. दिलीपदादा सॉफ्टवेअरमध्ये, आणि ह्यांचा व्हिसा अवलंबिताचा. त्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. नऊ वर्षं नव्हती. मुलगी प्रज्ञा शाळेत जायला लागली तशा ह्या विद्यापीठाच्या हर्बेरियममध्ये स्वयंसेवक म्हणून जाऊ लागल्या. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचं ग्रंथालय. जाड कागदावर एकेक झाड चिकटवलेलं, खाली कुणी, कुठे, केव्हा गोळा केलं त्याची पट्टी, आणि असे हजारो कागद लोखंडी कपाटांत. ताईंचं काम डिंक लावून झाडं चिकटवायचं. एका एम.एस्सी. बाईला तिथे सगळे ‘आमची गोड व्हॉलंटियर’ म्हणायचे. हे सांगताना त्या ‘गोड’ हा शब्द अशा काही उच्चारायच्या की मला पाणी प्यावंसं वाटायचं.

तिथल्याच एका कपाटात त्यांना ते फूल भेटलं. इंग्रजीत त्याला सॅक्सिफ्राज म्हणतात, दगड फोडणारी. आपल्याकडे मुतखड्यावर देतात त्या पाषाणभेदाच्याच कुळातलं. म्हणून त्या त्याला पांढरा पाषाणभेद म्हणायच्या, आणि मीही. हा पाषाणभेद उंच डोंगरांवर, कातळाच्या फटीत वाढतो आणि कुठेही एकसारखा दिसत नाही. वाऱ्याच्या कड्यावर तो गच्च, मुठीसारखा मिटलेला, तर वितळत्या बर्फाच्या सावलीत सैल, ऐसपैस. पानाला कुठे तीन बोटं, कुठे पाच. पाकळ्या तांदळाच्या दाण्याएवढ्या, नाहीतर त्याच्या दुप्पट. देठावर चिकट केस असतात, किंवा नसतातच. एका जातीत एवढे नखरे मावतात का, यावर वनस्पतीवाले पिढ्यान् पिढ्या भांडत आलेत. कुणी त्याच्या सात जाती केल्या, कुणी ‘हा नुसता परिस्थितीचा परिणाम’ म्हणून त्या परत एकात घातल्या.

सुनंदाताईंचं म्हणणं होतं की त्यातली एक नक्की वेगळी आहे. वेनाची डोंगरांत एक कडा आहे, सर्पेंटाइन नावाच्या हिरव्याकाळ्या दगडाचा. त्या दगडात झाडांना मानवत नाही असं बरंच काही असतं, त्यामुळे तिथे फारसं उगवत नाही. तिथला पाषाणभेद त्यांनी पाहिला होता. बटणाएवढ्या गाद्या, देठ लालसर, केस अजिबात नाहीत, पाकळ्या टोकाला किंचित खाचलेल्या. ही नवी जाती असेल तर तिला नाव द्यायचा मान पहिल्यांदा वर्णन छापणाऱ्याचा. त्यांनी नाव ठरवून ठेवलं होतं. पार्बताबाईंचं. लॅटिनमध्ये ते कसं होईल ते त्यांनी माझ्या वहीत एकदा लिहून दाखवलं आणि लगेच पान उलटलं.

त्यांना गाडी चालवता येत नव्हती. दिलीपदादांना डोंगर नको वाटायचे. म्हणून जुलै-ऑगस्टच्या शनिवारी सकाळी साडेपाचला मी त्यांच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये जायचे, त्या पिशव्या घेऊन खाली उभ्या असायच्या, आणि खिंड ओलांडून दोन तासांत आम्ही पायथ्याशी. मला यातून काय मिळत होतं? ऑफिसात मी जे करत होते ते माझ्याशिवायही झालं असतं. इथे एक बाई माझ्याकडून काहीतरी नीट करून घेत होती. त्या पालथ्या पडून मोजायच्या आणि मोठ्याने सांगायच्या, मी वहीत लिहायचे. पाकळी साडेचार मिलिमीटर. बोटं तीन. केस, नाही. एकदा मी घाईत पाचाच्या जागी तीन लिहिलं. ते खाली गाडीपाशी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मला वाटलं, हसून सोडतील. त्यांनी मला एकटीला परत वर पाठवलं, तीन तासांची चढण, ते एक झाड पुन्हा मोजायला. मी परत आले तेव्हा त्यांनी आकडा विचारला, पाय दुखले का ते नाही. दुपारी कड्यावर बसून आम्ही त्यांनी आणलेली भाकरी आणि जवसाची चटणी खायचो. मी नेलेलं सँडविच त्या घ्यायच्या, अर्धं खायच्या आणि अर्धं रुमालात गुंडाळून प्रज्ञासाठी ठेवायच्या. सात वर्षं हे चाललं, आणि सात वर्षांत मी पार्किंगमधून वर त्यांच्या घरी एकदाही गेले नाही. त्यांनी पहिल्या वर्षी दोनदा चहाला बोलावलं होतं. मी म्हटलं होतं, उशीर होईल. तिसऱ्यांदा त्यांनी बोलावलं नाही.

चौथ्या उन्हाळ्यानंतर त्यांनी सगळं लिहून काढलं आणि या कुळातल्या एका मोठ्या तज्ज्ञाला पाठवलं. पूर्वेकडचा कुणी निवृत्त प्राध्यापक. उत्तर दोन महिन्यांनी आलं, दोन ओळींचं. डोंगर चढणाऱ्या हौशी लोकांना प्रत्येक गादी वेगळी वाटते, त्यात नवल नाही, आपल्या उत्साहाचं कौतुक आहे. ताईंनी मला ते कारमध्ये वाचून दाखवलं, भाषांतर न करता, आणि विचारलं, “हौशी म्हणजे ज्याला पगार नाही तो ना?” मी म्हटलं, सोडा हो, म्हातारा खडूस असेल. त्यांनी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली. त्यांना सोडायचं नव्हतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

आता जे लिहायचं आहे ते मी टाळत आले होते.

त्यानंतरच्या वर्षी दिवाळीला मी त्यांना शिरीषच्या घरी फराळाला घेऊन गेले. शिरीष माझा पुण्यापासूनचा मित्र. माझ्या माणसांत मी त्यांना पहिल्यांदाच नेत होते, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता, तो कसला हे मी तेव्हा तपासलं नाही. दिलीपदादा आणि प्रज्ञा आले नव्हते. पंधरा-वीस जण होते. कुणीतरी ताईंना विचारलं, तुम्ही डोंगरात जाऊन करता काय? त्या चिवड्याचा घास संपवत होत्या, म्हणून त्यांच्या वतीने मी बोलले. मला सगळ्यांना हसवायचं होतं. मी म्हटलं, “सुनंदाताईंना नवी जात सापडलीये.”

शास्त्रात स्पीशीजला जातीच म्हणतात. हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं.

शिरीष म्हणाला, अरे बाप रे, आणखी एक? होत्या त्या काय कमी आहेत? सगळे हसले. मग सोफ्यावरून कुणीतरी म्हणालं, “मग आता त्या फुलाला आरक्षण मिळणार का?” त्यावर जे हसणं झालं ते पहिल्याहून मोठं होतं. मीही हसले. तोंडावर हात ठेवून नाही, नाइलाजाने नाही... हसू आलं म्हणून हसले. हसता हसता माझी नजर त्यांच्याकडे गेली. त्या प्लेटमधला चिवडा खात होत्या. शेवटच्या दाण्यापर्यंत तो त्यांनी खाल्ला. मग उठून सिंकपाशी गेल्या, सगळ्यांच्या प्लेटा तशाच पडल्या असताना आपली प्लेट साबणाने धुतली, पुसली, ओट्यावर उपडी ठेवली, शिरीषच्या बायकोला ‘येते वहिनी’ म्हटलं आणि टॅक्सी बोलावून घरी गेल्या. शिरीषची बायको म्हणाली, किती साध्या आहेत ना.

मी फोन केला नाही. आज करू, उद्या करू, असं म्हणत हिवाळा गेला. मग मला वाटायला लागलं, एवढ्या उशिरा विषय काढणं म्हणजे उगाच जखम उघडणं. असं वाटणं फार सोयीचं असतं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्यांचाच फोन आला. “शनिवारी येशील का? बर्फ गेलंय.” मी साडेपाचला पार्किंगमध्ये होते. त्या पिशव्या घेऊन उभ्या होत्या. भाकरी होती, चटणी होती, आकडे होते. मी मनाशी म्हटलं, विसरल्या. मोठ्या मनाच्या आहेत. इतकी हलकी झाले की गाडीत गाणी लावली.

गेल्या उन्हाळ्यात त्या चढताना थांबायला लागल्या. दहा पावलं चालायच्या आणि खडकाला टेकायच्या. पाठ दुखते म्हणायच्या. मी म्हटलं, साठी जवळ आली, दुखणारच. कड्यावरची चाळीस झाडं मात्र त्यांनी मोजलीच. नमुने गोळा करायचा परवाना होता, प्रत्येक झाडाचं, आणि आधीच्या उन्हाळ्यांतल्या इतर ठिकाणच्या नमुन्यांचंही, एकेक पान त्यांनी लहान पाकिटात घातलं. एका प्रयोगशाळेतल्या माणसाने त्यांच्या चिकाटीवर खूश होऊन डीएनए तपासून द्यायचं कबूल केलं होतं. इतकी वर्षं डोळ्यांनी जे चाललं होतं त्याचा आता कायमचा निकाल लागणार होता. पाकिटं सप्टेंबरात दिली. ऑक्टोबरात त्यांचे डोळे पिवळे झाले. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता आणि तो यकृतात पोचला होता. पाठ त्यामुळेच दुखत होती.

आजारपणात मी त्यांच्या घरी पहिल्यांदा वर गेले. बुद्धाची छोटी मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, भिंतीवर प्रज्ञाच्या शाळेची सर्टिफिकेटं. दिलीपदादांनी दार उघडलं आणि म्हणाले, “या मॅडम.” सात वर्षं मी त्यांच्या बायकोला डोंगरावर नेत होते, आणि त्यांना माझं नाव घ्यायची सवय नव्हती. प्रज्ञा आता कॉलेजात, कानांत काहीतरी घालून सोफ्यावर बसलेली. मी विचारलं, आई कशी आहे? ती म्हणाली, “शी इज नॉट ग्रेट, आंटी.” आईच्या झाडांबद्दल तिला कधी काडीची गोडी नव्हती. ताई स्वतःच हसत सांगायच्या की माझ्या मुलीला गुलाब आणि कोबी यांतला फरक विचारू नका. त्या दिवशी पलंगावर त्यांनी मला आपला पिवळा हात दाखवला आणि म्हटलं, “बघ. हाही परिस्थितीचा परिणाम.” मी हसले नाही. तिथे हसायचं होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी प्रयोगशाळेची मेल आली. आकड्यांच्या फायली मी सांभाळत होते, म्हणून मेल माझ्याकडे आली. निकाल साफ होता. कड्यावरची झाडं, सावलीतली झाडं, उत्तरेकडची, दक्षिणेकडची, सगळी एकाच घरातली. वेगळेपण होतं ते दगडाचं आणि वाऱ्याचं. नवी जाती नव्हती. पार्बताबाईंचं नाव कुठेही लागणार नव्हतं. मी दिलीपदादांना फोन केला. ते म्हणाले, आता किती दिवस राहिलेत, नका सांगू. मलाही तेच हवं होतं. मी त्या आठवड्यात गेले तेव्हा ताईंनी विचारलं, “मेल आली का गं?” मी म्हटलं, नाही अजून. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. वरून हेही सांगितलं की लॅबमध्ये मशीन बंद पडलंय म्हणे. खोटं नीट सजवायची मला सवय आहे, नोकरीत उपयोगी पडते.

तिसऱ्या वेळी गेले तेव्हा त्या फार बारीक झाल्या होत्या. ओठांना बर्फाचा तुकडा लावावा लागत होता. त्यांनी विचारलं, “मेल आली?”

“नाही हो ताई, अजून.”

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपल्या. मग डोळे न उघडताच म्हणाल्या, “सोळा दिवस झाले. लॅबवाल्याने मला त्याच दिवशी फोन केला होता. म्हणाला, मेल तुझ्या मैत्रिणीला पाठवली आहे.”

मी म्हटलं, दिलीपदादाच म्हणाले की...

“दिलीपचं मी बघितलं. मी तुला विचारून राहिली.”

“तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून.”

“मला त्रास होतो की नाही हे तू बघितलंस का?” एवढं बोलायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. “एकच जाती आहे. माझं चुकलं होतं. चुकलं तर कळायला नको?”

मी सॉरी म्हटलं. ‘माझं चुकलं’ म्हणता आलं असतं, त्यांनी आत्ताच म्हणून दाखवलं होतं. मी सॉरी म्हटलं. मग त्या धीराने, एका वाक्याला दोन-दोन श्वास घेत बोलत गेल्या. म्हणाल्या, त्या दिवाळीला तू हसलीस तेव्हाच मी ठरवलं होतं, हिच्याकडे पुन्हा काही मागायचं नाही. प्लेट धुताना ठरवलं. मग जुलै आला. बर्फ गेलं. आणि मला गाडी चालवता येत नव्हती.

“म्हणून फोन केलात?”

“म्हणून केला.”

खोलीत ऑक्सिजनच्या मशीनचा आवाज होता. मी वाट बघत होते की त्या आणखी काहीतरी म्हणतील, त्यानंतरच्या दोन उन्हाळ्यांविषयी, भाकरीविषयी, गाडीत आम्ही ऐकलेल्या गाण्यांविषयी. त्यांनी बर्फाचा तुकडा मागितला. मी ओठांना लावला. “जा आता,” त्या म्हणाल्या, “प्रज्ञाला आत पाठव.” आमचं शेवटचं बोलणं ते. त्या खरं बोलल्या, की मला दुखावं म्हणून बोलल्या, याचा विचार मी रोज करते. पहिल्या दिवसापासून त्या एकदाही माझ्याशी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही.

अंत्यविधीला आमच्या मंडळातले तिघे होते. बाकी हॉल भरलेला होता. सिएटलची, पोर्टलंडची, कुठकुठून गाडी चालवत आलेली पांढऱ्या कपड्यांतली माणसं होती, त्यांतल्या कुणालाही मी ओळखत नव्हते, आणि त्या सगळ्यांना सुनंदाताई माहीत होत्या. कुणाच्या मुलीला त्यांनी बायॉलॉजी शिकवलं होतं, कुणाच्या बाळंतपणात महिनाभर डबा पोचवला होता. सात वर्षांत त्यांनी मला यातलं काही सांगितलं नव्हतं, मी विचारलंही नव्हतं. त्रिशरण-पंचशील सुरू झालं. पुढच्या रांगेपासून मागच्यापर्यंत सगळे एका आवाजात म्हणत होते. मला शब्द येत नव्हते. मी नुसते ओठ हलवले.

गेल्या आठवड्यात मी हर्बेरियममध्ये गेले. शेवटच्या उन्हाळ्यातले वाळवलेले नमुने वर्तमानपत्रांच्या थप्पीत माझ्या गॅरेजमध्ये पडले होते, ते द्यायला. तिथलं काम बघणाऱ्या रूथ नावाच्या पिकल्या केसांच्या बाईंनी ते घेतले आणि विचारलं, तिचं कपाट बघायचं का? मी हो म्हटलं. तिथली एक पद्धत त्यांनी मला समजावून सांगितली. कागदावरच्या झाडाची ओळख पटली की ओळखणाऱ्याने छोट्या चिठ्ठीवर नाव, सही आणि तारीख घालून ती कागदाला चिकटवायची. पुढे ओळख चुकीची निघाली तरी जुनी चिठ्ठी काढायची नाही, तिच्या शेजारी नवी लावायची. चूक आणि दुरुस्ती, दोन्ही तिथेच राहतात.

सर्पेंटाइन कड्याच्या प्रत्येक कागदावर ताईंची जुनी चिठ्ठी होती, वेगळी जाती, वर्णन व्हायचं आहे. आणि प्रत्येकीच्या शेजारी नवी होती, तिच्यावर साधं, जुनं, सगळ्यांना माहीत असलेलं नाव, आणि एस. खोब्रागडे. रूथ म्हणाल्या, व्हीलचेअरवरून यायची, चार दुपारी आली, पहिल्या दोन दुपारी नवरा होता, नंतर मुलगी. मी तारखा बघितल्या. मी ‘नाही अजून’ म्हणत होते, मशीन बंद पडल्याचं सांगत होते, त्याच दोन आठवड्यांतल्या त्या तारखा होत्या. कागद उलटत गेले तसं अक्षर मोडत गेलेलं दिसलं. आधी ओळ वर गेली, मग अक्षरं सुटी झाली, मग सही म्हणजे नुसती एक रेघ. शेवटच्या नऊ कागदांवरच्या नव्या चिठ्ठ्यांत त्यांचं अक्षर नव्हतंच. गोल, स्वच्छ, अमेरिकन शाळेत घोटलेलं अक्षर होतं, प्रज्ञाचं, आणि खाली ती रेघ. त्यांना लिहून देणारं माणूस हवं होतं, मी पंधरा मिनिटांवर होते, आणि त्यांनी मला बोलावलं नव्हतं.

त्या नवांतल्या पहिल्या कागदावर दोन नव्या चिठ्ठ्या होत्या. पहिलीत प्रज्ञाने लॅटिन नावातलं एक अक्षर चुकवलं होतं. शेजारी, त्याच तारखेची, दुसरी लावलेली होती, अक्षर सुधारून. अकरा दिवसांनी त्या गेल्या. त्या दुपारी त्या मुलीकडून एक अक्षर पुन्हा लिहून घेत होत्या, आणि मुलीने ते लिहिलं होतं. पुढच्या आठही चिठ्ठ्यांवर ते बरोबर होतं.